समाज हा क्लायंट नसतो

(चळवळीच्या युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या जनसंज्ञापनाच्या विद्यार्थिनी असून अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी मुंबईतल्या एका जनसंपर्क कंपनीत दहा आठवडे इंटर्नशिप केली. – संपादक)



आयोजकांनी मला विषय दिला, 'पीआर इंटर्नशिपचे अनुभव'. दहा आठवड्यांत अनुभव बरेच आले, पण ते सगळे सांगत बसले तर जेवणाची वेळ होईल. म्हणून एकच प्रश्न घेऊन बोलते. जनसंपर्क, ज्याला सगळे पीआर म्हणतात, ते काम आपल्या उपयोगाचं आहे का? आपल्या म्हणजे आपल्या चळवळीच्या, आणि आपल्या समाजाच्याही. माझं उत्तर अर्धं 'हो' आहे आणि अर्धं 'नाही'. दोन्ही अर्धे तुमच्यासमोर ठेवते. पटलं नाही तर नंतर प्रश्नोत्तरांत जरूर भांडा.

आधी हे काम असतं तरी काय ते सांगते. बाहेरून पाहिलं तर पीआर म्हणजे मोठ्या हॉटेलातली पत्रकार परिषद आणि गिफ्टच्या पिशव्या. आतून पाहिलं तर बरंचसं कारकुनी काम आहे. सकाळी आठला कामाला लागायचं ते पेपर चाळायला. लोकसत्ता, लोकमत, सकाळ, महाराष्ट्र टाइम्स, पुढारी, शिवाय इंग्रजी आणि हिंदी. कोणत्या पानावर आपल्या क्लायंटचं नाव आलं, कुठे स्पर्धकाचं आलं, ते शोधून नऊच्या आत मेल करायचं. मग मीडिया लिस्ट. म्हणजे कोणत्या पेपरात आरोग्य कोण बघतं, शिक्षण कोण बघतं, कोणाची बदली झाली, कोणाला दुपारी चारनंतर फोन केलेला चालत नाही, याची यादी. ती रोज दुरुस्त करावी लागते. मग प्रेसनोट लिहायची, पाठवायची, फोन करायचे, आणि महिन्याच्या शेवटी रिपोर्ट बनवायचा.

यातली प्रेसनोट ही गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. कंपनीत प्रेसनोट आधी इंग्रजीत तयार व्हायची आणि मग तिचा मराठी तरजुमा. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात एक कागद आला. त्यावर लिहिलं होतं, 'आम्ही हे जाहीर करताना अत्यंत उत्साहित आहोत की...' आता मला सांगा, मराठीत कोण असं बोलतं? डेस्कवरच्या उपसंपादकाला रोज शेकडो मेल येतात. पहिल्या ओळीतच तरजुम्याचा वास आला की तो पुढचा मेल उघडतो. मी ती नोट नव्याने लिहिली. काय झालं, कुठे झालं, कधी झालं, कोणाला त्याचा उपयोग, हे पहिल्या दोन वाक्यांत. कंपनीच्या साहेबांचं मनोगत शेवटी. माझ्या वरिष्ठ मॅडमनी ती वाचली आणि तशीच पाठवली. त्यानंतर मराठी नोटा माझ्याकडेच येऊ लागल्या.

बातमी अशी का लिहायची, याचं कारण अगदी साधं आहे. पानावर जागा कमी पडली की डेस्क बातमी खालून कापतो. वरचं राहतं, खालचं जातं. हे कळल्यावर मी आपल्या वेगवेगळ्या मुस्लिम संस्थांच्या प्रेसनोटा मुद्दाम मिळवून वाचल्या. त्यांचा साचा तुम्हाला पाठ असेल. अध्यक्षस्थानी अमुक, प्रमुख पाहुणे तमुक, मंचावर आठ मान्यवर, सूत्रसंचालन यांनी केले, आभार त्यांनी मानले. चौथ्या परिच्छेदात कधीतरी कळतं की शिबिरात बायकांच्या पोटगीचे अर्ज भरून दिले गेले. म्हणजे डेस्कने खालून कापलं की उरतात फक्त मान्यवर. ज्या बाईचा अर्ज भरला ती कापली जाते. मग आपणच म्हणतो की पेपरवाले आपली बातमी लावत नाहीत.

समजा हीच बातमी आपण अशी सुरू केली: 'तलाकनंतर पोटगी न मिळालेल्या १७ महिलांचे अर्ज रविवारी एका दिवसात भरून झाले.' आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय. पण बघा, वाचणारा थांबतो. १७ का? पोटगी का मिळाली नाही? आता पुढे काय होणार? मान्यवरांची नावं खाली आली तरी त्यांचा मान कमी होत नाही. हा झाला माझ्या 'हो'चा पहिला भाग. बातमी लिहिता येणं हे कौशल्य आहे, ते शिकता येतं आणि ते आपल्याला हवंच आहे.

याचं एक चांगलं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलं. मे २०२०. लॉकडाऊनमधला रमजान. इचलकरंजीतल्या मुस्लिम समाजाने जकातीचे ३६ लाख रुपये जमवून तिथल्या आयजीएम रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. ही बातमी देशभर गेली. का गेली? तिच्यात आकडा होता, ठिकाण होतं, त्या घडीची गरज होती. 'आम्ही किती चांगले' असं त्या बातमीत कुणालाच सांगावं लागलं नाही. कामाने सांगितलं. पीआरच्या भाषेत ही आदर्श बातमी. पण याच उदाहरणाकडे मी भाषणात पुढे परत येणार आहे, कारण त्यात एक काटाही आहे.

आता थोडा इतिहास. इंटर्नशिपच्या अहवालासाठी मला तो वाचावा लागला, आणि त्यातली दोन माणसं डोक्यातून जात नाहीत. पहिला आयव्ही ली, अमेरिकेतला. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांसाठी काम करताना त्याने वर्तमानपत्रांना एक जाहीरनामा पाठवला. त्याचा आशय असा की आमचं काम गुप्त नाही, आम्ही कोणासाठी बोलतो ते उघड सांगू, आणि माहिती खरी देऊ. आजही पीआरच्या वर्गात हा जाहीरनामा शिकवतात. पण हाच माणूस १९१४ मध्ये रॉकफेलर घराण्यासाठी काम करत होता. त्या वर्षी कोलोरॅडोत लडलो इथे संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायका आणि लहान मुलंही मेली. लीने मालकांच्या बाजूची पत्रकं काढली आणि त्यांतली माहिती अनेक ठिकाणी खोटी निघाली. लेखक अप्टन सिंक्लेअरने त्याचं नावच ठेवलं 'पॉयझन आयव्ही'. पॉयझन आयव्ही हे एका विषारी वेलीचंही नाव आहे. तत्त्वं लिहिणाराही तोच आणि मोडणाराही तोच. पैसे कोण देतं यावर तत्त्वं किती टिकतात ते ठरतं, हे मला तिथे कळलं.

दुसरा एडवर्ड बर्नेज. १९२९ च्या ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणी सिगारेट ओढत चालल्या. तेव्हा बायकांनी रस्त्यात सिगारेट ओढणं म्हणजे मोठी गोष्ट. पेपरांत आलं की या स्वातंत्र्याच्या मशाली आहेत. प्रत्यक्षात हे सगळं बर्नेजने घडवलं होतं, आणि त्याला पैसे देत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. बाईचं स्वातंत्र्य हा शब्द वापरून सिगारेट विकली गेली, आणि विकणारा पडद्यामागे राहिला.

हे वाचताना मला दुसरा एक मोर्चा आठवला. तो आपला. १८ एप्रिल १९६६. हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. मागणी होती, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा. मोर्चात फक्त सात जणी. आपल्या या सभागृहातल्या पहिल्या रांगेत मावतील एवढ्याच. दलवाईंच्या सगळ्या मतांशी तुम्ही सहमत असाल किंवा नसाल, इथे बसलेल्यांतही मतभेद आहेत आणि असावेत. मी आज फक्त त्या मोर्चाच्या बांधणीबद्दल बोलतेय. दलवाई पत्रकार होते, आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'त त्यांनी काम केलेलं होतं. बातमी कशाने होते ते त्यांना ठाऊक असणारच. जागा अशी निवडली जिथे कायदे होतात. मागणी अशी की एका वाक्यात सांगता येते. आणि ज्यांचं आयुष्य त्या कायद्याने उद्ध्वस्त होत होतं, त्याच बायका पुढे. इतकी वर्षं झाली तरी ते सात जणींचे फोटो आणि ती तारीख आपण सांगतो.

१९२९ चा मोर्चा आणि १९६६ चा मोर्चा, तंत्र पाहिलं तर बरंच सारखं आहे. थोड्या बायका, सगळ्यांना दिसणारी जागा, मथळ्यात बसेल असा मुद्दा. मग फरक कुठे? मला तीन प्रश्नांत तो सापडला. एक, बोलावणारा कोण आहे हे उघड आहे का? दोन, ज्यांच्याबद्दल बोललं जातंय त्या स्वतः बोलतायत का, की त्यांना फक्त उभं केलंय? तीन, जे सांगतोय ते खरं आहे का? बर्नेज पहिल्याच प्रश्नाला नापास होतो. दलवाईंचा मोर्चा तिन्ही प्रश्नांना उत्तर देतो. कोणतीही मोहीम, मग ती कंपनीची असो, पक्षाची असो, मशिदीच्या ट्रस्टची असो की आपल्या चळवळीची, या तीन प्रश्नांतून काढून बघा.

आता 'नाही'च्या अर्ध्याकडे येते.

आपल्या वयाच्या मुस्लिम मुलामुलींना न मागता एक नोकरी मिळालेली असते. समाजाचा पीआरओ. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, रूम शोधताना, रिक्षात, नव्या ऑफिसात, कुठेतरी स्फोट झाला की, कुठेतरी फतवा निघाला की, सगळे वळून आपल्याकडे बघतात. मग आपण खुलासा देतो. आम्ही तसले नाही. इस्लाममध्ये असं नाही. माझ्या शाळेतले निम्मे मित्र हिंदू आहेत. इंटर्नशिपच्या काळात एका वार्ताहराने मला फोनवर नाव विचारलं आणि मग म्हणाले, 'अरे वा, मराठी छान बोलता तुम्ही.' मी म्हटलं, 'सर, मी मिरजेची आहे.' ते चांगले गृहस्थ होते, पुढे त्यांनी आमच्या दोन बातम्याही लावल्या. पण त्यांच्या डोक्यातल्या मुसलमानाला मराठी येत नव्हतं, आणि तो दुरुस्त करण्याचं काम त्या दिवशी माझ्यावर आलं.

हे काम आपण करतो, कधी आनंदाने, कधी नाइलाजाने. पण त्याच्या मागचं गणित तपासायला हवं. गणित असं असतं: आपली प्रतिमा सुधारली की आपल्याला न्याय मिळेल. इथेच मला इचलकरंजीच्या उदाहरणातला काटा दिसतो. तो अतिदक्षता विभाग आपण दिला कारण माणसं मरत होती आणि जकात त्यासाठीच असते. त्याच्या बदल्यात नागरिकत्वाची पावती मिळावी म्हणून दिला नाही. क्लायंट पैसे मोजून प्रतिमा विकत घेतो. प्रतिमा घसरली की त्याचा धंदा घसरतो, आणि ते ठीकच आहे, बाजाराचा नियमच तो आहे. नागरिकाचं तसं नसतं. माझी प्रतिमा वाईट असली तरी मला घर भाड्याने मिळालं पाहिजे, पोलिसांनी माझी तक्रार घेतली पाहिजे, संविधानाने दिलेली समानता मला मिळाली पाहिजे. जो अर्ज करत नाही, रोजे ठेवत नाही, चिडका आहे, अडाणी आहे, त्या मुसलमानालाही ती मिळाली पाहिजे. चांगल्या वागणुकीच्या दाखल्यावर हक्क मिळायला लागले तर ते हक्क राहत नाहीत, बक्षीस होतं.

२०२० मध्येच याचं दुसरं टोक आपण पाहिलं. मार्चच्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि वाहिन्यांवर जे सुरू झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. साथीला धर्म चिकटवला गेला. गावोगावी भाजीवाल्यांना नावं विचारली गेली. महाराष्ट्रात परदेशी तबलिगींवर गुन्हे नोंदवले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं दिसतं असं म्हटलं, आणि छापील व इलेक्ट्रॉनिक माध्यमांत झालेल्या मोठ्या अपप्रचारावरही बोट ठेवलं. आरोप पसरायला एक रात्र लागली, निकाल यायला जवळपास पाच महिने. अशा वेळी आपण हजार चांगल्या बातम्या पाठवल्या असत्या तरी तो पूर थांबला नसता. तिथे लागली ती कोर्टाची पायरी आणि वकील. त्यामागे कागदपत्रं होती.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रतिमेसाठी जितका वेळ घालवतो त्यातला काही वेळ नोंद ठेवण्यात घालवूया. चुकीची बातमी दिसली की व्हॉट्सॲपवर चिडून फॉरवर्ड करण्याआधी तिचा स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, वाहिनीचं नाव आणि लिंक लिहून ठेवा. पेपरची असेल तर संपादकांना पत्र, आणि त्यानंतर प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया. वृत्तवाहिनीची असेल तर आधी त्या वाहिनीकडेच लेखी तक्रार, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे, वाहिनी तिची सदस्य असेल तर. यात मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून राग शांत होईपर्यंत थांबून चालत नाही. हे काम कंटाळवाणं आहे. पण दहा आठवडे रोज सकाळी पेपर चाळल्यावर मी खात्रीने सांगते, असलं काम चार जण नेमाने करू शकतात.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. पीआरचं तर्कशास्त्र समाजाला लावलं की त्याची किंमत बहुतेक वेळा घरातली बाई मोजते. आपल्याकडे एक वाक्य आहे, तुम्ही प्रत्येकाने ऐकलंय: 'घरातली गोष्ट बाहेर नेऊ नका, कौम बदनाम होईल.' आमच्या मोहल्ल्यात एका भाभींना नवऱ्याने फोनवर तलाक दिला. त्या माझ्या अब्बांकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. जमातीतल्या एका चाचांनी अब्बांना सांगितलं, 'भाईसाब, पोलिस, पेपर यात पडू नका, आधीच वातावरण खराब आहे.' चाचा वाईट माणूस नाहीत. वातावरण खराब आहे हेही खोटं नाही. पण त्या वाक्यात भाभींच्या दोन मुलांच्या शाळेची फी कुठे आहे? अब्बांनी अर्ज लिहून दिला.

गंमत अशी की गप्प बसा हा सल्ला पीआरच्या शास्त्रातही चुकीचाच ठरतो. संकटकाळात संवाद कसा करायचा, यासाठी जगभर एक उदाहरण शिकवतात. १९८२, अमेरिकेतलं शिकागो. टायलेनॉल नावाच्या वेदनाशामक कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं मेली. विष कंपनीने घातलेलं नव्हतं. तरी जॉन्सन अँड जॉन्सनने लोकांना सावध केलं आणि सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत मागवल्या. नंतर छेडछाड केली तर लगेच दिसेल असं नवं पॅकिंग आणून तेच औषध पुन्हा विकायला ठेवलं. यातून निघालेला धडा असा: वाईट बातमी असेल तर ती तुम्ही स्वतः सांगा, लवकर सांगा, पूर्ण सांगा, आणि दुरुस्ती करून दाखवा.

आता हे आपल्याला लावून बघा. १९६६ मध्ये सात बायका रस्त्यावर आल्या तेव्हा समाजातल्या धुरिणांनी 'हो, हे चूक आहे, आम्ही बदलतो' असं म्हटलं असतं तर? आपण म्हटलं नाही. १९८५ मध्ये शाहबानोचा निकाल आला तेव्हाही म्हटलं नाही. शेवटी २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातला तलाक रद्द ठरवला. १९६६ पासून मोजली तर ५१ वर्षं. या ५१ वर्षांत आपण जो प्रश्न स्वतः सोडवू शकलो असतो तो इतरांनी उचलला. काहींनी न्यायासाठी उचलला, काहींनी आपल्याला झोडपायला. २०१९ मध्ये नवऱ्याला तुरुंगात घालणारा कायदा आला, त्यावरही आपण प्रतिक्रिया देत बसलो. बोलायची पाळी आपली होती तेव्हा आपण गप्प होतो, म्हणून नंतर आपल्याबद्दल दुसरे बोलले. तेव्हा 'बदनामी होईल' म्हणणाऱ्या कोणालाही नम्रपणे सांगा, चाचा, बदनामी लपवल्याने जास्त होते.

पण याचा अर्थ दरवेळी कॅमेऱ्यासमोर जाऊन समाजावर टीका करा असाही नाही. ज्या वाहिनीला फक्त आपली धुलाई हवी आहे तिथे जाऊन तिच्या प्रश्नांची उत्तरं देणं म्हणजे दुसऱ्याच्या मोहिमेत बर्नेजच्या बायकांसारखं उभं राहणं. पुन्हा तेच तीन प्रश्न विचारा. बोलावणारा कोण, बोलणारी कोण, आणि खरं काय.

आता इंटर्नशिपमधला एक प्रसंग सांगते, कारण त्यात मला आपली जागा दिसली. आमच्या एका खाद्यपदार्थांच्या क्लायंटचं सणांचं कॅलेंडर तयार होत होतं. गणपती, दिवाळी, नाताळ, रमजान. रमजानच्या खान्यात चंद्रकोर, कंदील, बिर्याणी, आणि 'जनाब' असलेली हिंदी ओळ. मी बैठकीत म्हटलं, 'महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे १ कोटी ३० लाखांच्या आसपास मुसलमान आहेत. त्यांतले कितीतरी जण मराठीत शिकतात, मराठी पेपर वाचतात, कोकणात तर घरीही कोकणी-मराठीच बोलतात. इफ्तारची एक ओळ मराठीत लिहूया.' समोरून उत्तर आलं, 'कॉन्सेप्ट छान आहे, पण लोक गोंधळतील. मुस्लिम म्हटल्यावर मराठी कशी?' त्यात द्वेष नव्हता. त्यांनी तसं कधी कुठे पाहिलंच नव्हतं. मी तीन ओळी लिहून दिल्या, त्यांतली एक क्लायंटने घेतली आणि ती कोकणातल्या आवृत्त्यांसाठी गेली. बदल एका ओळीचाच. पण ती ओळ त्या खोलीत मराठी मुसलमान बसलेला होता म्हणून आली.

खोलीत कोण बसलंय याने बराच फरक पडतो. २०१९ च्या होळीला सर्फ एक्सेलची जाहिरात आली, एक हिंदू मुलगी मुसलमान मित्राला रंगांपासून वाचवत मशिदीपर्यंत पोचवते. बहिष्काराच्या हाका झाल्या, कंपनीने जाहिरात मागे घेतली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कची डोहाळजेवणाची जाहिरात आली, सासर मुसलमान आणि सून हिंदू. तिच्यावरही गदारोळ झाला, आणि कंपनीने कर्मचारी व दुकानांतल्या लोकांच्या सुरक्षिततेचं कारण देऊन ती मागे घेतली. दोन्ही निर्णय कुठल्यातरी बंद खोलीत, थोड्या तासांत, थोड्या माणसांनी घेतले. तनिष्कला मी इथे बसून भित्रे म्हणणार नाही, दुकानात उभी राहणारी मुलगी कोणाची तरी मुलगी असते. पण अशा खोल्यांत आपणही असलो पाहिजे. माध्यमांत, जाहिरातीत, पीआरमध्ये, डेस्कवर. आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर गल्फ एवढंच चालतं. अम्मीला अजूनही माझं काम नेमकं काय ते शेजारच्या खालांना सांगता येत नाही. मी तिला म्हटलंय, 'सांग, पोरगी बातम्या लिहिते.'

इंटर्नशिप संपताना कंपनीने मला नोकरी देऊ केली. मी ती घेतलीय. अहवालात मी तीन गोष्टी लिहून ठेवल्यात, त्या इथेही सांगते, म्हणजे तुम्ही मला आठवण करून देऊ शकाल. खोटी माहिती असलेल्या कागदावर माझं नाव जाणार नाही. कोणत्याही पक्षासाठी 'मुस्लिम चेहरा' म्हणून मी उभी राहणार नाही. आणि माझ्या समाजातल्या किंवा इतर कोणत्याही समाजातल्या पीडित माणसाचं तोंड बंद करणारी मोहीम मी चालवणार नाही. आयव्ही लीनेही तत्त्वं लिहिली होती, हे मला माहीत आहे. म्हणूनच ती चार भिंतीत न ठेवता तुमच्यासमोर वाचली.

आता एक काम. जेवणाला अजून पंचवीस मिनिटं आहेत. आजच्या मेळाव्याची प्रेसनोट आपण इथेच, गटागटाने लिहूया. मराठीत एक, उर्दूत एक. अट इतकीच की पहिल्या दोन वाक्यांत एकाही मान्यवराचं नाव नको, माझंसुद्धा नको. सकाळच्या सत्रात ज्या ताईंनी स्वतःच्या पोटगीच्या खटल्याबद्दल सांगितलं, त्या इथेच बसल्यात. त्यांना आधी विचारा, 'तुमची गोष्ट लिहायची का, आणि नाव घालायचं का?' त्या नाही म्हणाल्या तर बातमीत त्या नसतील. हो म्हणाल्या तर पहिलं वाक्य त्यांचं. मागच्या बाकांवर कोरे कागद ठेवलेत, एकेक गटाने घेऊन जा.